कुत्रा हवाय, पण केवढा?

मास कॉम केलेल्या माणसाकडून घरच्यांच्या दोनच अपेक्षा असतात. एक, टीव्हीवर दिसणाऱ्या प्रत्येकाशी त्याची ओळख असावी. दोन, त्याला जगातलं सगळं माहीत असावं. पहिली अपेक्षा माझ्याच्यानं पूर्ण होणार नाही, हे आमच्या धरणगावच्या घरानं केव्हाच स्वीकारलंय. त्यामुळे सगळा भार दुसरीवर! मोबाइल कोणता घ्यावा, गुडघ्यांसाठी कुठला डॉक्टर गाठावा, मावसभावानं बारावीनंतर काय करावं... फोन पुण्याला, मला. म्हणूनच २०२५ च्या मार्चमध्ये वहिनीनं विचारलं, ''कुत्रा आणायचा म्हणतोय आम्ही. लहान मुलांच्या घरात केवढा बरा गं?'' तेव्हा मला मुळीच नवल वाटलं नाही. पण पुढचे तीन महिने मी याच एका प्रश्नावर घालवले. कारण कुत्र्याचा साइज हा विषय दिसतो तेवढा लहान नाहीये, बॉस!

आता तुम्ही म्हणाल, आम्ही अजून सिंगल, फार तर नुकतेच डबल. पोराबाळांचा आणि कुत्र्याचा हा हिशोब आमच्या काय कामाचा? थांबा. तुमच्याच कामाचा आहे. कसा, ते पुढे सांगते.

आधी धरणगाव. जळगाव जिल्ह्यातला तालुका, सुरत-भुसावळ मार्गावरचं स्टेशन, कापसाचा मुलुख. १८९० मध्ये बालकवी इथे जन्मले, हे आम्ही प्रत्येक पाहुण्याला एकदा तरी ऐकवतो. पण मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात गेला की कविता-बिविता विसरून माणूस कूलरसमोर मांडी घालतो. हा पारा लक्षात ठेवा. कुत्र्याच्या गोष्टीत तो महत्त्वाचा आहे.

घरात माणसं पाच. दादाचं खत-बियाण्यांचं दुकान. वहिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. आई, म्हणजे मुलांची आजी, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. थोरली पुतणी आठ वर्षांची आणि धाकटा तीनचा. दादाला हवा होता ग्रेट डेन. ''चोर फाटकातूनच परत गेला पाहिजे!'' वहिनीला हवा होता पग. धाकट्याला घोडा. आईला यातलं काहीच नको होतं, पण आणणारच असाल तर ''तो पांढरा, टफीसारखा.'' १९९४ च्या 'हम आपके हैं कौन'नं एका अख्ख्या पिढीच्या डोक्यात कुत्रा म्हणजे टफी हे फिट्ट बसवलंय, त्याला कोण काय करणार! थोरली मात्र काहीच बोलत नव्हती.

आणि खरं तर हे सगळं तिच्यासाठीच चाललं होतं.

२०२३ च्या दिवाळीच्या सुट्टीत एका भटक्या कुत्र्यानं तिच्या पोटरीला चावा घेतला. वहिनीनं जखम आधी नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुतली आणि मग तिला दवाखान्यात नेलं. पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी इंजेक्शनं झाली. चावा झाला की करायचं ते हेच. हळद, मिरची, चुना यातलं काहीही लावायचं नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही, पण वेळेवर उपचार घेतले तर तो टाळता येतो. तर जखम भरली. भीती काही भरली नाही. सायकल जिन्याखाली गेली. ट्यूशनला एकटीनं जाणं बंद झालं. समोरून कुत्रा दिसला की ती रस्त्याच्या पलीकडे, आणि पलीकडेही असला की सरळ घरी परत. दादाचं म्हणणं, घरात कुत्रा आला की भीती आपोआप पळेल.

मला ते पचत नव्हतं. कुत्रा म्हणजे काही तापाची गोळी नाही. घरात भलताच कुत्रा आला तर पोरीची भीती कायमची होईल, आणि कुत्र्याच्या नशिबी मागच्या अंगणातली साखळी. शिक्षा दोघांनाही. म्हणून मी ठरवलं, 'कोणत्या जातीचा?' हे नंतर. आधी 'केवढा?' हे सोडवायचं.

एप्रिलमध्ये घरी गेले तेव्हा दादाच्या दुकानातल्या काट्यावर एकेकाला उभं केलं. धाकटा १३ किलो. थोरली २३. आई ५२. वहिनी काट्यावर चढलीच नाही, ते सोडून द्या! मग त्यांच्या शेजारी कुत्र्यांची वजनं लिहिली. ग्रेट डेन ५० ते ८० किलो. लॅब्रॅडॉर २५ ते ३६. जर्मन शेफर्ड २२ ते ४०. बीगल ९ ते ११. पग ६ ते ८. चिवावा तीनच्या आत.

''दादा, डीएपीची गोणी केवढ्याची?''

''पन्नास किलोची.''

''ही गोणी समोरच्या मांजरामागे पळत सुटली, तर पट्टा कोण धरेल?''

''मी.''

''आणि तू दुकानात असलास की?''

दादानं आईकडे बघितलं. आईनं स्वतःच्या गुडघ्यांकडे बघितलं. शेजारच्या आजी पोत्यावर बसून सगळं ऐकत होत्या. त्यांनी अहिराणीत निकालच देऊन टाकला, ''भाऊ, तुले कुत्रा पायना शे का घोडा?'' धाकटा एकदम खूश!

वजनाइतकीच महत्त्वाची आहे उंची. ग्रेट डेन नुसता खांद्यापर्यंतच ७० ते ८० सेंटिमीटर भरतो. तीन वर्षांचं मूल डोक्यापर्यंत साधारण ९५. म्हणजे कुत्र्यानं मान उचलली की त्याचं तोंड थेट मुलाच्या तोंडासमोर, नाहीतर त्याच्याही वर. मोठ्या माणसाला कुत्रा चावला तर तो बहुधा हाताला किंवा पायाला. लहान मुलांना मात्र चेहऱ्यावर आणि मानेवर जखमा होण्याचं प्रमाण जास्त असतं, त्यामागे उंचीचं हे गणित आहे. ग्रेट डेन स्वभावानं गरीब असतो, हे अगदी मान्य. पण गरीब गोणीसुद्धा अंगावर पडली की लागतंच ना!

''मग छोटाच आणा, विषय संपला,'' वहिनी म्हणाली. संपला असता तर किती बरं झालं असतं.

छोट्या कुत्र्याची गंमत अशी, की तिथे मुलाला कुत्र्यापासून नाही, कुत्र्याला मुलापासून सांभाळावं लागतं. आमचा धाकटा कशालाच भीत नाही. शेळी, वासरू, कोंबडी, जे दिसेल त्याला मिठी. असं मूल दोन किलोचं पिल्लू उचलतं, छातीशी आवळतं आणि हात दुखले की सोडून देतं. थेट फरशीवर! खेळण्यासारख्या दिसणाऱ्या या जातींची पायाची हाडं अगदी नाजूक असतात. डॅशहंडची पाठ लांबलचक, त्याला मणक्याची दुखणी लवकर जडतात. आणि ज्याला दुखतं किंवा ज्याला पळायला जागा उरत नाही, तो दात दाखवतो. २००८ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी हजारो कुत्र्यांच्या मालकांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या आणि कोणत्या जाती जास्त आक्रमक, ते तपासलं. माणसांच्या अंगावर जाण्यात वरच्या नंबरात कोण निघालं? डॅशहंड, चिवावा आणि जॅक रसेल टेरियर. सगळे आपले पिटुकले! छोट्याचा चावा छोटा असतो, म्हणून त्याची बातमी होत नाही, एवढंच. पण जिला एकदा चावा बसलाय, त्या आठ वर्षांच्या मुलीला तो छोटा की मोठा यानं काय फरक पडणार?

आता वहिनीचा पग. २००३ मध्ये हचच्या जाहिरातीत एका मुलाच्या मागे मागे जाणारा पग आला आणि देशभर पगची क्रेझ पसरली. क्यूट तो आहेच. साइजही मुलांच्या घराला बरा. पण कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो जीभ बाहेर काढून, धापा टाकून अंग थंड करतो. पगचं नाक चपटं, श्वासाची वाटच अरुंद. त्याला धरणगावच्या मे महिन्यात ठेवायचं आणि दुपारी लाइट गेली तर? पुण्यात एसीत राहणाऱ्यांनीही याचा विचार करायला हवा, कारण कुत्र्याला फिरायला बाहेर न्यावंच लागतं. हस्कीचंही तेच. सैबेरियाच्या बर्फासाठी मिळालेली दुहेरी फर तो आपल्या उन्हात काढून ठेवू शकत नाही.

उरला सगळ्यांचा लाडका लॅब्रॅडॉर. मुलांशी प्रेमळ म्हणून त्याची ख्याती आहे आणि ती उगाच नाही. पण पहिली दोन वर्षं तो इंजिनीअरिंगच्या फर्स्ट इयरच्या मुलासारखा असतो. अंगानं पूर्ण वाढलेला, अकलेनं अजून वाढतोय! प्रेमानं उडी मारली तरी २३ किलोची थोरली आडवी, आणि शेपटीच्या एका फटक्यात टीपॉयवरचे कप साफ. त्यात केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांना २०१६ मध्ये अनेक लॅब्रॅडॉर कुत्र्यांत एक जनुकीय बदल सापडला. त्यांच्या कधीच न भागणाऱ्या भुकेशी आणि वाढत्या वजनाशी त्याचा संबंध आहे. आणि आमच्या आईच्या दारातून आजवर कुणीही उपाशी गेलेलं नाही. वर्षभरात त्या लॅबची युरियाची गोणी झाली असती!

आता आपला, म्हणजे तुमचा-माझा मुद्दा.

पुण्या-मुंबईतल्या माझ्या मित्रमैत्रिणींचा हिशोब ठरलेला आहे. वन बीएचके असेल तर छोटा कुत्रा, थ्री बीएचके असेल तर मोठा. हा चौरस फुटांचा हिशोब झाला. पाच-सहा किलोचा जॅक रसेल रोज भरपूर पळवला नाही तर सोफ्याचा कापूस काढतो, आणि तो दांडगा ग्रेट डेन दोन फेऱ्या मारून दिवसभर लोळत पडतो. सोसायटीचं म्हणाल, तर भारतीय पशुकल्याण मंडळानं २०१५ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सोसायटीला कुत्रा छोटा की मोठा यावरून बंदी घालता येत नाही. लिफ्टमधूनही अडवता येत नाही. लस, महापालिकेतली नोंदणी आणि खाली केलेली घाण उचलणं, हे मात्र तुमच्याकडे लागलं!

म्हणजे जागा दुय्यम. खरा मुद्दा वर्षांचा. कुत्र्यांमध्ये उलटा न्याय आहे, जेवढं अंग मोठं तेवढं आयुष्य कमी. ग्रेट डेन साधारण ८ ते १० वर्षं जगतो, लॅब्रॅडॉर १० ते १२, छोट्या जाती १२ ते १५. आता गणित मांडा. आज तुम्ही २७ वर्षांचे आहात आणि एका वीकेंडला रील बघून पिल्लू घरी आणलंत. तिशीत लग्न, बत्तिशीत बाळ. बाळ रांगायला लागेल तेव्हा कुत्रा सहा वर्षांचा झालेला, घराचा राजा. त्या वेळी 'मुलांच्या घरात केवढा कुत्रा बरा?' हे कुणी तुम्हाला विचारणारच नाही. तो तुम्ही आजच निवडून ठेवलेला असेल. 'बाळ झालंय, कुणाला कुत्रा हवाय का?' असे मेसेज ग्रुपवर फिरतात ना, ते वाईट माणसं पाठवत नाहीत. पाच वर्षं पुढचं कुणी विचारलेलं नसतं, इतकंच.

धरणगावातही हेच गणित मांडलं. अजून दहा वर्षांनी थोरली कॉलेजसाठी जळगावला किंवा पुण्याला जाणार. कुत्रा तेव्हाही असला तर तो दादा-वहिनीचा आणि आईचा असणार. म्हणजे तो आईच्याही हातात मावायला हवा, धाकट्याच्या मिठीत मोडायला नको, आणि थोरलीच्या... थोरलीचं काय? तेव्हा कुठे लक्षात आलं, की तिला अजून कुणी विचारलेलंच नाही.

विचारलं. अंगणात उभं राहून तिनं हात स्वतःच्या मांडीशी आणला. ''इथपर्यंत. तोंडासमोर तोंड नको. आणि पिल्लू नको, ते उड्या मारतं.''

तीन वाक्यांत विषय संपवला पोरीनं!

'पिल्लू नको' यात तर सगळ्यात मोठं शहाणपण होतं. मोठ्या जातींची पिल्लं दीड-दोन वर्षं वाढतच राहतात. मिश्र जातीचं पिल्लू मोठेपणी केवढं होईल, हे विकणाराही छातीठोकपणे सांगू शकत नाही. वाढ पूर्ण झालेल्या कुत्र्याचं तसं नसतं. उंची, वजन, स्वभाव, मुलांना बघून तो काय करतो, सगळं समोर दिसतं. शिवाय मधल्या चणीचे, १५ ते २५ किलोचे आपले देशी कुत्रे याच उन्हात पिढ्यान् पिढ्या वाढलेले आहेत. दादा जरा हिरमुसला. पण आईनं देवघरातल्या दत्ताच्या तसबिरीकडे बोट दाखवलं. ''बघ, दत्तमहाराजांनीसुद्धा चार ठेवलेत, पण गुडघ्याएवढेच!'' यावर दादा काय बोलणार?

आणि चोराचं म्हणाल, तर चोराला पळवतं ते भुंकणं. त्याला ८० किलो लागत नाहीत.

जूनमध्ये जळगावच्या एका कुटुंबाची बदली झाली. त्यांना तीन वर्षांची कुत्री सोबत नेता येणार नव्हती. आई स्पिट्झ, वडील गल्लीतले कुणीतरी. घरात दोन मुलांबरोबर वाढलेली, नसबंदी झालेली, लसी वेळच्या वेळी. पण लगेच घरी आणली नाही. तीनदा भेटायला गेलो. पहिल्या भेटीत थोरली गाडीतून उतरलीच नाही, काच वर. कुणी आग्रह केला नाही. दुसऱ्यांदा ती फाटकाबाहेर उभी राहून बघत होती. तिसऱ्यांदा तिनं एक बिस्किट लांबून फेकलं. कुत्रीनं ते खाल्लं आणि जागेवरच बसून राहिली, अंगाशी आली नाही. थोरली गाडीत बसताना म्हणाली, ''ही चालेल.'' मग डॉक्टरांना दाखवलं आणि जुलैत ती घरी आली. दुकानातल्या काट्यावर १६ किलो ४०० ग्रॅम. तांबूस पिवळा रंग बघून धाकट्यानं नाव ठेवलं, शेव. खानदेशात याहून मोठा मान नाही!

मात्र शेवला शेवभाजी वर्ज्य. कांदा, लसूण, मनुका, द्राक्षं, चॉकलेट हे कुत्र्यांना बाधतं. शिजवलेली हाडंही नकोत, त्यांचे अणकुचीदार तुकडे पडतात. ही यादी आईसाठी मी मोठ्या अक्षरांत लिहून स्वयंपाकघरात लावली. मुलांची यादी थोरलीनं स्वतः लिहिली आणि फ्रीजवर चिकटवली. शेव जेवताना जवळ जायचं नाही. झोपलेली असताना हात लावायचा नाही. मिठी मारायची नाही, ती जवळ आली तर पाठीवरून हात फिरवायचा. ती तोंड फिरवते, ओठ चाटते किंवा अंग ताठ करते, तेव्हा तिला नको असतं. आणि शेवटचा नियम मोठ्यांसाठी. धाकट्याला आणि शेवला एकटं सोडायचं नाही, अगदी दोन मिनिटांसाठीसुद्धा नाही. लहान मुलांना चावणारे बरेचसे कुत्रे ओळखीचे, घरातलेच असतात. कुत्रा योग्य मापाचा आणला म्हणून ही ड्यूटी संपत नाही. १६ किलोच्या कुत्र्यालाही दात ४२ असतात.

तुम्ही कुत्रा घ्यायच्या विचारात असाल, तर घराचे चौरस फूट नंतर मोजा. घरातल्या, किंवा पुढे घरात येणाऱ्या, सगळ्यात लहान आणि सगळ्यात अशक्त माणसाला डोळ्यांसमोर आणा. कुत्र्याचं तोंड त्याच्या कुठे येतं? पट्टा त्याच्या हातात राहील का? आणि त्यानं धसमुसळेपणा केला तर कुत्रा टिकेल का? या तीन प्रश्नांत बसेल तो तुमचा साइज. मग जात कोणतीही असो, नाहीतर नसो.

दिवाळीला घरी गेले होते. थोरलीची भीती गेली का, असं सगळे विचारतात. नाही, अजून पूर्ण गेलेली नाही. रस्त्यावर भटका कुत्रा दिसला की ती अजूनही पलीकडे जाते, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. पण सायकल जिन्याखालून बाहेर आलीये. आणि भाऊबीजेच्या दुपारी धाकटा शेवच्या ताटलीत हात घालायला निघाला, तर आतून हिचा आवाज, ''थांब! ती जेवतेय. तिचं झालं की ती स्वतः येईल.''